पाचशे बारा

अहवाल ईमेलने आला, मंगळवारी,
कुकरची दुसरी शिट्टी झाली तेव्हा.
आर्सेनिक ठीक. कॅडमियम ठीक.
शिसं : पाचशे बारा.
पुढे मिलिग्रॅम, पुढे किलो,
पुढे एक अदबशीर वाक्य,
'खाण्याच्या लागवडीबाबत फेरविचार व्हावा.'

मी गॅस बारीक केला.

सात वर्षं जिला लाडानं काळी म्हणत आले ती ही माती.
बर्स्लेमच्या चढावर, थंड पडलेल्या भट्टीच्या मागे
प्लॉट नंबर सतरा. वर्षाचे अडतीस पौंड,
नळ सामाईक.

पहिल्याच वर्षी खुरप्याला खट्टकन लागला
तो बशीचा तुकडा होता.
निळा पूल, पुलावर दीड माणूस.
मग रोजच निघायला लागले :
कपांचे कान, बरणीचा गळा,
चहादाणीची चिमणीएवढी चोच.
गावानं जे जे भाजताना फुटलं
ते ते इथंच आणून ओतलेलं.
मला वाटायचं, काय श्रीमंत माती!
चकाकी कशाची, हे विचारायचं सुचलं नाही.

मेथी लावली. मुळा लावला.
आणि शेजारच्या प्लॉटवरचा क्लिफर्ड
(आडनाव लिहायचं कॉलक्लाफ, म्हणायचं कोकली)
तण म्हणून जे उपटून फेकायचा
ते चक्क चाकवत होतं,
त्याच्या ढिगातून मी पदरात घ्यायचे.
पदर कुठला, अॅनोरॅकच्या खिशात.
बदल्यात तो माझा मुळा
पँटला पुसून, मीठ लावून, बाकावर बसून खायचा.

चुकलं की आपल्यात म्हणतात, माती खाल्ली.
माझ्या लेकीनं ती खरोखरच खाल्ली होती,
दोन वर्षांची असताना, याच वाफ्यातली, चांगली चमचाभर,
आणि मी फोटो काढला होता.
तो अजून फ्रिजवर आहे.
होता. मंगळवारपर्यंत.

नर्सनं तिच्या दंडातून रक्त घेतलं.
आकडा लहान आला.
लहान म्हणजे शून्य नव्हे,
हे फोनवर कुणी म्हणालं नाही,
मीच म्हटलं, फोन ठेवल्यावर.

शनिवारी क्लिफर्डला सांगायला गेले.
कागद त्यानं हातात घेतला नाही.
'पाचशे?' म्हणाला, बटाट्याच्या पोत्याचा भाव विचारावा तसा.
'माझी आई झिलईच्या खोलीत होती.
कोपरापर्यंत हात त्या पांढऱ्या पाण्यात,
कपामागून कप, कपामागून कप.
मालक रोज पेलाभर दूध द्यायचा, फुकट.
औषध म्हणून.'
मग त्यानं घेवड्याची सुतळी दातानं तोडली,
गाठ मारली, ओढून पाहिली.
'माझ्या आधी दोन झाले होते.
नावं ठेवायची वेळ आली नाही.'

मला काही बोलायचं होतं.
नळ कुणीतरी उघडा टाकला होता, तो बंद करून आले.

'चुना टाक,' तो म्हणाला. 'शेंगा लाव.
शेंगा वर लटकतात. मुळा खाली बघतो.'
आणि थोड्या वेळानं, 'मुळा चांगला होता हं.'

मेथी उपटली. ऐन कोवळी.
खताच्या ढिगावर नाही, काळ्या पिशवीत, गाठ मारून,
कुणाचं तरी काहीतरी लपवावं तशी.
फळ्या ठोकून चौकट केली,
दुकानातली माती आणली, अकरा पोती,
जिला कसलाच वास नाही.

तुकडे मात्र लेकीकडे आहेत, बुटांच्या खोक्यात, खिडकीत.
जोडत बसते. पूल झालाय, होडी अर्धी आहे.
उरलेली अर्धी कुठं असेल ते तिला माहीत आहे,
म्हणून दर रविवारी विचारते, आणि मी दर रविवारी
नळाखाली तिचे हात धरते, नखांपर्यंत ब्रश,
विसापर्यंत मोजायचं, मराठीत.
अठरानंतर ती अडते.
'दहा-नऊ' म्हणते.
मी पुन्हा एकपासून सुरू करायला लावते.

'पाचशे बारा म्हणजे किती गं?'

साबण लाव, मी म्हणते. मोज.